तुलुगाकच्या अंगावरचे दगड

उलायुकला तिच्या आईने जन्मात कधी रागावून हाक मारली नाही. सासऱ्यावर कोण आवाज चढवणार? उलायुक जन्मली त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिच्या बापाचे बाप वारले होते आणि त्यांचं नाव तिला मिळालं होतं. नाव आलं म्हणजे माणूस आला. त्यामुळे बाप तिला ‘बाबा’ म्हणायचा, आई ‘मामंजी’ म्हणून अहोजाहो करायची आणि उलायुक बोलायला लागली तशी आईला ‘सूनबाई’ म्हणू लागली. दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, हारवाक्तुक नदीवरच्या प्रत्येक तंबूत अशीच उलटसुलट नाती नांदत होती. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

आजोबा कयाकवरचे नावाजलेले शिकारी होते. उन्हाळा मध्यावर आला की कॅरिबू हरणांचे कळप नदी पोहून ओलांडतात. तेव्हा हातभर रुंदीची ती होडी पाण्यात घालायची, पोहत्या हरणाला मागून गाठायचं आणि भाल्याने टिपायचं, यात त्यांचा हात कुणी धरत नसे. ते नाव घेऊन आलेल्या पोरीला बापाने पोरासारखंच वाढवलं. तिचे केस कापले, तिला पोरांचे कपडे घातले, आधी आपल्या पाठीला चिकटवून पाण्यावर नेलं आणि अंगात जरा बळ आल्यावर एकटीला सोडलं. कयाक फार डुगडुगते. तिच्यात बसलेल्याने जीभ जरी एका गालातून दुसऱ्या गालात नेली तरी ती कलते, असं बाप म्हणायचा. उलायुक सात-आठ वेळा पाण्यात पडली आणि मग पडायची थांबली. एका उन्हाळ्यात तिने पहिलं हरीण मारलं. रिवाजाप्रमाणे त्यातला घासही तिला मिळाला नाही, सगळं इतरांना वाटलं गेलं. त्या दिवशी तिला जेवढं पोट भरल्यासारखं वाटलं तेवढं पुढे कधी वाटलं नाही.

मग ती वयात आली. बापाने तिच्या हातातलं दोन पात्यांचं वल्हं काढून घेतलं आणि दगडांच्या चौथऱ्यावर कयाकशेजारी ठेवलं. “झालं, बाबा,” एवढंच तो म्हणाला. आईने सुई दिली. उलायुक शिवणकाम शिकली, चांगली शिकली, पण नदीकडे पाठ करून बसायची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी हरणं आलीच नाहीत. तो हिवाळा या कथेत फार सांगण्यासारखा नाही. कुत्री गेली, मग जुनी कातडी उकळून खाल्ली, मग उलायुकचा धाकटा भाऊ तुलुगाक गेला. नुकता धावायला लागला होता तो. आईला तेव्हा उठून बसवत नव्हतं. बाप आणि उलायुक दोघांनी मिळून त्याला बाहेर नेलं. टेकडीवर न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण दोघांच्या पायांत बळ नव्हतं. म्हणून नदीकाठच्या खडीच्या उंचवट्यावरच ठेवला आणि वर दगड रचले. गोठलेल्या जमिनीतून सुटतील तेवढे, हातांना उचलतील तेवढे. लहान लहान दगड होते ते. काही दिवसांनी सरकारचं विमान आलं आणि उरलेल्यांना कामानितुआकला घेऊन गेलं. तळ्याकाठचं ते गाव. तिथे दुकान, चर्च, दवाखाना, शाळा. आईला घोंगडीत गुंडाळून विमानात चढवलं, तेव्हा ती कुठल्या बाजूला बघतेय हेही कुणाला कळलं नाही.

पुढचं आयुष्य गावात गेलं. उलायुकने कुपाकशी लग्न केलं. तो समुद्राकडचा, सील मारणाऱ्यांच्यातला. मुलं झाली, मोठी झाली, आपापल्या घरी गेली. बाप वारला. उलायुक शाळेत झाडलोट करायची आणि संध्याकाळी हातमोजे शिवायची. आई तिच्याचजवळ राहायची, खिडकीपाशी. तिची नजर अधू झाली होती, पण कान शाबूत होते.

उलायुकने पन्नाशी ओलांडली त्या वर्षी, बर्फ वितळायच्या सुमाराला, आईने चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “मामंजी, एक बोलू का? रागावणार नाही ना?”

“बोल की, सूनबाई.”

“सासऱ्याला कामं सांगू नयेत, मला कळतं ते. पण तुमच्या नातवाच्या अंगावरचे दगड जागेवर आहेत का, ते कुणीतरी बघून यायला हवं होतं. मी तर पाहिलेलेच नाहीत.”

तुलुगाक नात्याने उलायुकचा नातूच लागत होता. इतक्या वर्षांत आईने त्याचं नाव काढलं नव्हतं. उलायुकच्या हातातली सुई थांबली. तिला ते लहान लहान दगड आठवले. ती फक्त म्हणाली, “बघते.”

पण बघायचं कसं? मोटारबोट नदीवरच्या धबधब्याच्या वर चढत नाही. हिवाळ्यात बर्फगाडीने जाता येतं, पण तेव्हा सगळं बर्फाखाली. वरून खाली नदीने उतरत येणं, हा एकच मार्ग होता. कुपाकचा भाचा जमिनीत खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीच्या तळावर स्वयंपाक करायचा. सामान न्यायला त्यांचं विमान नदीच्या वरच्या अंगाला, हिकुलिग्युआक तळ्याकडे जायचं. त्याने वैमानिकाला गळ घातली. आणि सोसायटीच्या दुकानात, छताला टांगलेली, एक कयाक होती. उलायुकच्या चुलतकाकांनी, इकुटाकांनी, ती लोकांना दाखवण्यासाठी बनवली होती. कातडीऐवजी कॅनव्हास ताणून वर रंग दिला होता.

“ती पाण्यात घालायची नाही, बघायची आहे,” इकुटाक म्हणाले.

“काका, तुम्ही बनवलेली होडी पाण्यात तरंगत नाही, असं मी गावभर सांगू का?”

म्हातारा चिडला आणि स्वतःच शिडी घेऊन आला.

कुपाक घरी बसून राहणार नव्हता. त्याने तंबू आणि सामानासाठी एक रुंद होडी मागून आणली. “आजोबा एकटे निघालेत म्हटल्यावर कुणीतरी सोबत नको?” तो शेजाऱ्यांना सांगत सुटला. बायकोला चिडवायचं असलं की तो तिला आजोबा म्हणायचा.

पाण्यावर उतरणाऱ्या त्या विमानाच्या एका पायाला होडी आणि दुसऱ्याला कयाक बांधून त्यांना वर नेलं. तळ्यावर अजून बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या. विमान उडून गेलं आणि डासांचा आवाज तेवढा उरला. उलायुकने कयाक पाण्यात सरकवली, आत पाय लांब करून बसली आणि काठाला घट्ट धरून राहिली. चाळीस वर्षांत कंबर रुंद झाली होती. होडी उजवीकडे कलली, डावीकडे कलली.

“उतर खाली,” कुपाक म्हणाला. “माझ्या होडीत बस. कुणाला सांगणार नाही.”

“समुद्राकडच्या पाहुण्यांनी आपलं वल्हं सांभाळावं,” असं म्हणून तिने काठ सोडला.

पहिले दोन दिवस तिचे खांदे ठणकले, पाय बधिर झाले. रात्रीचा तंबू लावताना तिला वाकता येत नव्हतं आणि ते कुपाकला दिसू नये म्हणून ती गुडघ्यावर बसूनच सगळं करायची. त्याला दिसत होतं. तो स्वतःच खुंट्या ठोकायचा. मग हळूहळू अंग ऐकू लागलं. नदी कधी रुंद होऊन तळ्यासारखी पसरायची, कधी दोन खडकांत चेंबून वेगाने धावायची. काठावर झाड म्हणून नव्हतंच. दगड, शेवाळ, गुडघ्याएवढी झुडपं. पाणी कुठे वळणार ते उलायुकला आधी कळायचं.

एका खळाळाच्या तोंडाशी तिने त्याला हात करून थांबवलं. “मी पुढे जाऊन बघते. मी वल्हं उभं धरलं की ये, डाव्या काठाने. मधे जाऊ नकोस.”

ती उतरली आणि खालच्या संथ पाण्यात वळून तिने वल्हं उभं धरलं. कुपाक निघाला, डाव्या काठानेच निघाला, पण त्याच्या जड होडीला प्रवाहाने आत ओढलं. समुद्राची लाट येते आणि जाते. इथली लाट एकाच जागी उभी असते, आणि ती त्याला उमगली नाही. होडी आडवी झाली, भरली आणि उलटली.

त्यांच्यात पोहता कुणालाच येत नाही. त्या पाण्यात पोहून उपयोगही नसतो. उलायुकने विचार केला नाही. तिने कयाक प्रवाहाच्या आडवी घातली, वाहत येणाऱ्या कुपाकच्या खालच्या अंगाला नेली आणि ओरडली, “मागचं टोक धर! मला धरू नकोस, टोक धर!” त्याने धरलं. एवढा मोठा माणूस मागे लोंबकळत असताना ती अरुंद होडी सरळ ठेवणं म्हणजे काय, ते तिच्या मनगटांनाच ठाऊक. काठाला लागेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्याचे ओठ निळे पडले होते. तिने त्याचे कपडे काढले, आपला अंगरखा त्याला घातला आणि झुडपं उपटून जाळ केला. उलटलेली होडी खालच्या वळणावर अडकली होती. पीठ भिजलं होतं, त्याचा एक बूट गेला होता, बांधलेलं बाकी सामान वाचलं होतं. बऱ्याच वेळाने दात वाजायचे थांबले, तेव्हा तो म्हणाला, “टोक धर म्हणालीस. मला धरू नकोस म्हणालीस.”

“मला धरलं असतंस तर दोघंही गेलो असतो.”

“तेच म्हणतोय मी,” कुपाक म्हणाला, आणि त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ धरून ठेवला. त्यानंतर त्याने तिला आजोबा म्हटलं, ते चिडवायला म्हटलं नाही.

पुढे ओलांडणीची जागा आली. लहानपणी जिथे बाप तिला न्यायचा, तीच. हरणांना पाण्याकडे वळवायला टेकडीवर रचलेले दगडांचे मनोरे अजून उभे होते. कुपाक अलीकडच्या काठावर तंबू उतरवू लागला, तशी ती त्याच्यावर उखडली.

“इकडे नाही! हरणं इकडून पाण्यात शिरतात. इथे जाळ नको, चूळही भरू नकोस. पलीकडे चल.”

“हरणं कुठायत?”

“आपण नसल्यासारखे राहिलो तर येतील.”

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आधी एक म्हातारी मादी कडेला उभी राहिली, हुंगत राहिली, मग पाण्यात शिरली. तिच्यामागे सगळा काठच हलू लागला. पाण्यावर नुसती शिंगं आणि नाकपुड्या. उलायुकने काठीला सुरी बांधून भाला करून ठेवलाच होता. कुपाकने बंदूक पुढे केली, ती तिने पाहिलीही नाही. कयाक आवाज न करता त्या शिंगांच्या रांगेत शिरली. दोन्ही बाजूंना ओल्या पाठी आणि फुत्कारणारे श्वास होते. तिने एक धष्टपुष्ट नर निवडला, मागून गाठला, एकच वार केला आणि त्याला शिंगाला दोरी लावून काठाला आणलं.

मग ती वाळूवर बसली आणि तिला रडू कोसळलं. बरं वाटत होतं आणि संतापही येत होता. चाळीस वर्षं हे हात फरशी पुसत होते.

कुपाक जवळ येऊन बसला. “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

“नाही विचारलं,” तो म्हणाला. मग उठून त्याने हरणाची कातडी सोलायला घेतली, पाण्यापासून लांब, तिने दाखवलेल्या जागी.

त्यांची जुनी हिवाळ्याची वस्ती तिथून एका दिवसाच्या अंतरावर होती. उलायुकला ती लांबूनच ओळखू आली. तंबूभोवती ठेवलेल्या दगडांची कडी गवतात तशीच होती. कयाक ठेवायचे दगडी चौथरे होते, वर काही नव्हतं. ती नदीकडे उतरली आणि थांबली.

खडीचा उंचवटा नव्हता. काठच नव्हता. बर्फ फुटताना केव्हातरी मोठाल्या लाद्या वळणावर चढल्या असाव्यात. त्यांनी काठ खरवडून नेला होता. पुरुषभर उंचीची मातीची उघडी भिंत तेवढी उभी होती आणि तिच्या तळाशी पाणी होतं.

ती खालच्या अंगाने चालत गेली. दगड उलटेपालटे करून पाहिले, वाळू हातांनी उकरली. कुपाक दुसऱ्या काठाने होडीतून शोधत होता. संध्याकाळपर्यंत दोघं शोधत होते. हाड नाही, चिंधी नाही, काही नाही. दगड तर अगणित होते, पण त्यातला तिने रचलेला कुठला, हे कोण सांगणार?

“लहान होते रे ते,” ती म्हणाली. “मोठे उचलतच नव्हते.”

“मोठे असते तरी नदीने नेले असते. घराएवढा खडक सरकलाय तिकडे, बघ.”

तिने त्या भिंतीच्या वर हरणाच्या मांसाचा मऊ तुकडा ठेवला. चहा केला, त्यात साखर घातली आणि पेलाभर जमिनीवर ओतला. बाकीचा दोघांनी प्यायला.

“आता म्हातारीला काय सांगायचं?” कुपाकने विचारलं. “दगड जागच्या जागी आहेत म्हणून सांग. तिला काय दिसणार आहे?”

“सासऱ्याने सुनेशी खोटं बोलायचं?”

“मग मी सांगतो. जावयाचं खोटं खपून जातं.”

ती हसली नाही. त्यानेही पुन्हा तो विषय काढला नाही. पण उरलेल्या वाटेवर तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तळी आली, गेली. धबधब्यापाशी सगळं सामान पाठीवर घेऊन ती दोघं खडकांवरून खाली उतरली. तो एका बुटावर आणि एका चिंध्यांच्या पायावर लंगडत होता. पाण्याच्या गर्जनेत बोललेलं ऐकू येत नव्हतं, ते तिला बरं वाटलं. खोटं सांगितलं तर आई शांतपणे मरेल, हे तिला कळत होतं. पण आई तिला आयुष्यभर आदराने हाक मारत आली होती. त्या हाकेला खोटं उत्तर द्यायला तिची जीभ वळेना.

कामानितुआकच्या काठावर बरीच माणसं जमली. इकुटाकांनी आधी कयाकचा तळ तपासला, ओरखडे मोजल्यासारखे बोटांनी चाचपले आणि तोंड वाकडं केलं. “तरंगली की नाही?” उलायुकने विचारलं. “बसणारा बरा असला की काहीही तरंगतं,” म्हातारा म्हणाला, आणि ती वर नेऊ लागला.

आई खिडकीपाशीच होती. उलायुकने ओले मोजे काढले, तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“आलात, मामंजी?”

“आले. आई, ऐक.”

तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा आई म्हटलं होतं. म्हातारी मान न हलवता ऐकू लागली.

“नदीने काठ नेला. आम्ही त्याला ठेवला होता तो उंचवटा उरलेला नाही. दगडही नाहीत. तोही नाही. आम्ही खूप शोधलं.”

कुपाक दारात अवघडून उभाच राहिला. आईने विचारलं, “बर्फाने नेलं?”

“बर्फानेच. वळणावर चढला असेल.”

“म्हणजे वसंतात गेला. उजेड असताना. मला वाटायचं, तो अजून तिथेच पडून आहे. अंगावर दगड, आणि आम्ही सगळे विमानात. रोज वाटायचं. आणि तो केव्हाच निघालेला.”

म्हातारीने हात पुढे करून उलायुकचा हात चाचपला.

“तिथे काही ठेवलंस का ग?”

“मांस ठेवलं. मीच मारलेलं. चहा ओतला.”

“साखर घातली होतीस?”

“घातली.”

“त्याने साखर कधी चाखलीच नव्हती,” आई म्हणाली, आणि मग ती रडली. मोठ्याने, लहान पोरासारखी, अंग हलवून. उलायुकने तिला धरलं. तिला आठवलं, त्या हिवाळ्यात आई रडली नव्हती. तेव्हा तिच्यात रडण्याइतकीही ताकद नव्हती.

थंडी सुरू झाली तेव्हा पलीकडच्या घरात मुलगा झाला. आईने उलायुकचा हात धरला, बर्फातून तिथे गेली आणि बाळाच्या कानाशी वाकून त्याला तुलुगाक म्हणाली. त्या घरच्यांनी आनंदाने नाव घेतलं. इतकी वर्षं ते कुणालाच मिळालं नव्हतं, कारण आईने द्यायला नकार दिला होता. तो हिवाळा सरता सरता आई गेली. गावामागच्या टेकडीवर तिला ठेवलं, आणि दगड रचायला सगळा गाव आला होता.

उलायुक पुन्हा नदीवर गेली नाही. गुडघे राहिले नाहीत, असं सांगायची. पण उन्हाळ्यात गावातले तरुण तळ्यावर कयाक घालून बघायचे आणि धडाधड पाण्यात पडायचे, तेव्हा ती काठावरून ओरडून शिकवायची. आणि शाळेतली झाडलोट उरकली की घरी जायच्या आधी पलीकडच्या घरात डोकवायची. तिथे तिचा धाकटा भाऊ अजून रांगत होता. ती जमिनीवर बसायची, आणि तो तिच्या गुडघ्याला धरून उभा राहायला बघायचा.